पावसाळ्यात .२२ पिस्तुलाचं मॅगझिन वारंवार अडकतं? आमच्या रेंजवर सापडलेलं कारण आणि उपाय

मृगाचा पाऊस स्थिरावला की आमच्या नेमबाजीच्या रेंजवर हे दुखणं सुरू होतं. २५ मीटरची पाच गोळ्यांची सिरीज चालू असते. हिरवा दिवा लागतो, हात वर येतो, गोळी जाते. सात सेकंद थांबायचं, पुन्हा हिरवा दिवा, दुसरी गोळी. तिसऱ्या वेळी ट्रिगर दाबला जातो आणि पिस्तूल गप्प. बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता भाग) अर्धवट उघडा, त्यात काडतूस तिरकं अडकलेलं. हिरव्या दिव्याचे तीन सेकंद तिथेच संपतात आणि उरलेल्या दिवसभर पोरीच्या मनात तो धसका राहतो. दिवाळीच्या सुमाराला दुखणं आपोआप थांबतं, सगळे विसरतात, आणि पुढच्या जूनला पुन्हा तेच.

मी गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत छोटी टूलरूम चालवतो आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी रेंजवरच्या मुलांच्या .२२ पिस्तुलांची देखभाल बघतो. सलग तीन पावसाळे मी हे पाहिलं. पहिल्या वर्षी गोळ्यांना दोष दिला, दुसरी पेटी मागवली. दुसऱ्या वर्षी पिस्तूल परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे पाठवलं. त्यांनी ते स्वतःकडच्या मॅगझिननं, म्हणजे गोळ्या भरायच्या डबीनं, तपासलं, एकही गोळी अडकली नाही, पिस्तूल परत आलं. आपल्याकडे आल्यावर चौथ्या सिरीजला पुन्हा अडकलं. पिस्तूल पाठवलं होतं आणि मॅगझिनं आमच्याच कपाटात राहिली होती, एवढी साधी गोष्ट कळायला आम्हाला आणखी एक वर्ष लागलं.

तिसऱ्या पावसाळ्यात छडा लागला. तो इथे सविस्तर लिहितोय, कारण किनारपट्टीवर, मग ते गोवा असो, सिंधुदुर्ग असो की रत्नागिरी, जिथे जिथे .२२ची सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं पावसाळाभर वापरली जातात तिथे हीच तक्रार ऐकू येते.

आधी अडकलेलं काडतूस काढायचं कसं

कारण शोधण्याआधी हे नीट ऐका. .२२ लाँग रायफलचं काडतूस रिमफायर असतं. म्हणजे ठिणगी टाकणारा मसाला बुडाच्या मधोमध नसून बाहेर आलेल्या कडेच्या, रिमच्या आत भरलेला असतो. त्या रिमवर कुठेही कडक टोक जोरानं बसलं तर काडतूस चेंबरच्या (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेच्या) बाहेरच फुटू शकतं, आणि बाहेर फुटलेल्या पुंगळीच्या पितळेचे तुकडे डोळ्यांत जातात. म्हणून स्क्रूड्रायव्हर, पक्कड, चाकूचं टोक यातलं काहीही अडकलेल्या काडतुसाजवळ न्यायचं नाही. नळी टार्गेटच्या दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर, डोळ्यांवर चष्मा. आधी मॅगझिन बाहेर काढायचं, मगच बोल्ट मागे ओढून धरायचा. बहुतेक वेळा काडतूस आपसूक खाली पडतं. नाही पडलं तर लाकडाच्या किंवा पितळेच्या काडीनं पुंगळीच्या पोटाला हलकेच लोटायचं, रिमला नाही. शेवटी चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची खूण दाखवणारी रंगीत पट्टी) घालायचा.

स्पर्धेत मात्र यातलं काहीच स्वतः करायचं नाही. पिस्तूल टार्गेटकडे धरून ठेवायचं, मोकळा हात वर करायचा, रेंज ऑफिसरला येऊ द्यायचं. खेळाडूनं आपण होऊन पिस्तूल उघडलं तर बिघाड खरा असला तरी तो ग्राह्य धरत नाहीत, आणि न मारलेल्या गोळ्या शून्य धरल्या जातात. मॅगझिन नीट बसवलेलं नसलं किंवा गोळ्या कमी भरल्या गेल्या असल्या तरी तेच. मुलांना हा नियम पाठ असतो, पण हात सवयीनं बोल्टकडे जातोच. सरावात प्रत्येक वेळी हात वर करायला लावा, म्हणजे स्पर्धेतही तेच होईल.

राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत याच २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं तेव्हा निकाल शूट-ऑफवर गेला होता. आमच्याकडच्या मुलींना तो सामना तोंडपाठ आहे. पाचच गोळ्यांवर पदक ठरत असेल तिथे मॅगझिननं दगा देणं म्हणजे काय, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

मॅगझिनच्या आत काय चालतं

जेम्स पॅरिस ली यांनी १८७९मध्ये स्प्रिंगच्या डबीचं पेटंट घेतलं. आजचं मॅगझिनही मुळात तेच आहे. पत्र्याची नळी, तळाला झाकण, आत स्प्रिंग, स्प्रिंगवर फॉलोअर आणि वर आत वळलेले दोन ओठ. स्प्रिंग फॉलोअरला वर ढकलते, फॉलोअर काडतुसांची चळत वर ढकलतो, ओठ सगळ्यात वरचं काडतूस अडवून धरतात. बोल्ट पुढे येताना ते काडतूस ओठांखालून सरकवत चेंबरात लोटतो. गोळी सुटल्यावर बोल्ट मागे जाऊन पुढे येईपर्यंतचा वेळ पापणी लवण्याहूनही कमी असतो. तेवढ्यात पुढचं काडतूस पूर्ण वर येऊन ओठांना टेकलेलं असायला हवं. थोडं जरी खाली राहिलं तर बोल्ट त्याच्या डोक्यावरून निघून जातो किंवा पोटात घुसतो.

.२२ लाँग रायफलची अडचण आणखी वेगळी आहे. हे काडतूस १८८७पासून जवळपास तसंच चालत आलंय. त्याची पुंगळी साधारण ५.७ मिलिमीटर जाडीची आणि रिम ७ मिलिमीटरची. म्हणजे प्रत्येक काडतुसाच्या बुडाला अर्ध्या मिलिमीटरहून जास्त पुढे आलेली कड असते. चळतीत ही कड खालच्या काडतुसाच्या कडेत अडकते. वरच्याची रिम खालच्याच्या रिमच्या पुढे असली तर वरचं काडतूस सुटं पुढे सरकतं. ती मागे पडली की पुढे जाताना खालच्याला घेऊन जाऊ बघतं आणि दोन्ही अडकतात. याला रिमलॉक म्हणतात.

हे मला खऱ्या अर्थानं समजावून दिलं ते डिचोलीकडच्या एका आजोबांनी. मराठा लाइट इन्फंट्रीत साठच्या दशकात भरती झालेले, बेळगावला ट्रेनिंग. नातीला सोडायला रेंजवर यायचे आणि मागे बाकावर बसून बघायचे. एकदा मी मॅगझिन हातात घेऊन डोकं खाजवत होतो तेव्हा उठून जवळ आले. म्हणाले, "मास्तर, आमची .३०३ची ब्रेन गन होती ना, तिचं मॅगझिन तीसचं. पण आम्ही अठ्ठावीसच भरायचो. आणि भरताना प्रत्येक राउंडची कड खालच्याच्या पुढे, हाताला शिकवलेलं होतं. तुमच्या ह्या पोरी कशा भरतात ते बघितलंत का?"

मी बघितलं नव्हतं. .३०३सुद्धा रिमचंच काडतूस, म्हणून तर ब्रेनचं मॅगझिन केळीसारखं वाकडं असतं. रिम जाड असल्यामुळे चळत सरळ राहतच नाही, पंख्यासारखी वळते. .२२मध्येही तेच, फक्त छोट्या मापात.

मॅगझिनांना नंबर द्या

सगळ्यात मोठा फरक पडला तो इथे. एका पिस्तुलाची तीन मॅगझिनं होती, तिन्ही दिसायला सारखी, एकाच पाऊचमध्ये. कुठलं कधी वापरलं याचा पत्ता नसायचा. त्यामुळे पिस्तूल कधी दुसऱ्या गोळीला अडकायचं, कधी पाचव्या, कधी दिवसभर नाहीच, आणि आम्ही म्हणायचो की याला काही नियमच नाही.

मी तळाच्या झाकणांवर नेलपॉलिशनं १, २, ३ लिहिलं आणि रेंजवर एक वही ठेवली. प्रत्येक अडकणीची नोंद करायची: तारीख, मॅगझिनचा नंबर, कितवी गोळी, काडतूस कसं अडकलं होतं. बस्स एवढंच. तीन आठवड्यांत वहीनं सांगितलं की हे एक दुखणं नाही, तीन आहेत. १ नंबर चौथ्या-पाचव्या गोळीला अडकत होतं. २ नंबर दुसऱ्या-तिसऱ्याला. ३ नंबर कुठेही, पण प्रत्येक वेळी काडतुसाचं तोंड डावीकडे झुकलेलं.

कितव्या गोळीला अडकतं यावरून बरंच कळतं. पहिलीच गोळी चेंबरात जात नसेल तर आधी हात बघा. बोल्ट पूर्ण मागे ओढून सोडून द्यायचा असतो. बऱ्याच मुली तो हळूच बोटांत धरून पुढे सोडतात, आवाज नको म्हणून, आणि मग त्याला काडतूस ढकलायला जोर उरत नाही. मॅगझिन खटक्यात बसलं नसेल तरीही पहिलीच गोळी राहते. दुसरी-तिसरी म्हणजे चळत अजून भरलेली आहे, तिथे रिमलॉकचा संशय घ्या. चौथी-पाचवी म्हणजे स्प्रिंग जवळपास उलगडलेली आहे, तिचा जोर सगळ्यात कमी, आणि आत कुठे चिकटपणा असेल तर तो इथेच दिसतो. एकच मॅगझिन कुठल्याही गोळीला अडकत असेल तर ओठ. सगळी मॅगझिनं सगळीकडे अडकत असतील तरच पिस्तुलाकडे आणि गोळ्यांकडे वळा: चेंबर, रॅम्प (काडतुसाला चेंबरकडे चढवणारा उतार), एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारा आकडा), किंवा बोल्टला पूर्ण मागे ढकलायला कमी पडणारी गोळी.

दुसरी खूण अडकलेल्या काडतुसावरच असते, म्हणून ते लगेच टाकून देऊ नका. उजेडात भिंगाखाली धरा. शिशाच्या टोकाला खालच्या बाजूनं चपटा, चकचकीत चंद्रकोरीसारखा डाग असेल तर ते तोंड खाली घालून रॅम्पच्या खाली आपटलंय. पितळेच्या पोटावर आडवा चरा किंवा पोचा असेल तर बोल्ट वरून गेलाय, काडतूस वेळेत वर आलं नव्हतं. रिमवर पातळ, ताजी ओरखड असेल तर ती खालच्या रिमवर घासली गेलीय. मात्र असं दबलेलं काडतूस परत मॅगझिनमध्ये घालायचं नाही. बघून झालं की रेंजच्या नियमाप्रमाणे खराब गोळ्यांच्या डब्यात.

१ नंबरच्या जवळपास सगळ्या काडतुसांच्या पोटावर आडवा पोचा होता. २ नंबरच्यांच्या रिमवर ओरखड.

१ नंबर उघडल्यावर

रविवारी पाऊस मुसळधार लागला होता, सराव बंद होता. मी मॅगझिन प्लॅस्टिकच्या पिशवीत धरून तळाचं झाकण सरकवलं. पिशवी एवढ्यासाठी, की दबलेली स्प्रिंग सुटली तर भिंतीवर जाऊन आपटते आणि नखाएवढा फॉलोअर कपाटाखाली गेला की संध्याकाळ जाते. स्प्रिंग उडाली नाही. ती आतच राहिली. बोटानं ओढून काढावी लागली.

फॉलोअरच्या दोन्ही बाजूंना करडा-काळा लेप बसला होता, काजळात तूप कालवावं तसा. चिमटीत चोळला तर आत बारीक चरचर लागत होती. गोळीवरचं मेणाचं वंगण, शिशाची पूड, न जळलेल्या दारूचे कण, मे महिन्यात उडालेली चिऱ्याची तांबूस धूळ, आणि हे सगळं एकत्र धरून ठेवणारं तेल. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत तेच. नळीच्या आतल्या भिंतीवर फॉलोअर जिथपर्यंत जाऊन थांबायचा तिथे त्याची रेघ उमटली होती, विहिरीच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीची उमटते तशी. त्या रेघेच्या वर नळी स्वच्छ होती. म्हणजे शेवटच्या दोन गोळ्यांना फॉलोअर वर चढतच नव्हता, रखडत होता.

तेल आलं कुठून? आम्हीच घातलेलं. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. वर समुद्राचा खारा वारा. भिंतीला बुरशी, चामड्याला बुरशी, कपाटातल्या खिळ्याला गंज. साहजिकच जून लागला की प्रत्येक पालक, प्रत्येक खेळाडू, आणि मीसुद्धा, गंज येऊ नये म्हणून मॅगझिनमध्ये वरून तेलाचा फवारा मारत होतो. ऑक्टोबरनंतर हवा कोरडी झाली की फवारणी बंद व्हायची. पुढे स्पर्धांचा मोसम, तेव्हा सगळं सामान उघडून पुसलं जायचं, आणि दुखणं थांबायचं. म्हणजे ज्याला आम्ही तीन वर्षं पावसाळ्याचा बिघाड समजत होतो तो पावसानं केलेलाच नव्हता. गंजाच्या भीतीनं ओतलेल्या तेलानं केला होता.

खात्री करायला १ नंबर धुऊन पूर्ण कोरडं ठेवलं आणि २ नंबरही धुतलं, पण त्यात पूर्वीसारखा फवारा मारला. तेच पिस्तूल, त्याच पेटीतल्या गोळ्या, एकाआड एक सिरीज. पहिले दोन दिवस दोन्ही सारखीच चालली. तिसऱ्या दिवसापासून तेलाचं मॅगझिन शेवटच्या गोळ्यांना कुरकुरायला लागलं. कोरडं चाललं.

२ नंबरच्या रिमलॉकचा धागाही इथेच येऊन मिळाला. आजोबांनी सांगितल्याप्रमाणे मी मुलींना मॅगझिन भरताना जवळ बसून पाहिलं. मॅगझिनच्या बाजूला फॉलोअर खाली ओढायचं बटण असतं. फॉलोअर चिकट झाला की ते अंगठ्यानं जोर लावून खाली खेचावं लागतं, आणि एकदा खाली गेला की तो लवकर वर येत नाही. मग वर मोकळी जागा राहते आणि मुली त्यात पाचही काडतुसं एकामागून एक सोडून देतात. सुटी पडलेली काडतुसं जशी पडतील तशी बसतात, रिम कुणाची पुढे कुणाची मागे. पुढचं काम मग नशिबावर. मूळ कारण पुन्हा तोच चिकटपणा.

भरायची योग्य पद्धत सावकाशीची आहे. बटण एका काडतुसाच्या जागेइतकंच खाली, एक काडतूस ओठांखालून मागे सरकवायचं, मग पुढच्यासाठी आणखी तेवढंच. प्रत्येक वेळी नव्या काडतुसाची रिम खालच्याच्या पुढे. पाच झाली की बाजूच्या फटीतून बघायचं: काडतुसांची तोंडं जिन्याच्या पायऱ्यांसारखी, प्रत्येक वरचं थोडं पुढे. एखादी पायरी उलटी दिसली तर सगळी काढून पुन्हा. आमच्या मुलींना आधी हे कंटाळवाणं वाटलं. आठवड्याभरात हात बसला. आता फट न बघता मॅगझिन खाली ठेवणारी एकही नाही.

सफाई

हातमोजे घाला. त्या काळ्या लेपात शिसं असतं, गोळीचं आणि मसाल्याचंही. हे काम लहान मुलांकडून करून घेऊ नका, स्वयंपाकघराच्या ओट्यावर तर नाहीच, आणि झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय चहाच्या कपालाही हात लावू नका.

उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. स्प्रिंगचं वरचं वेटोळं एका बाजूला तिरपं असतं, ते फॉलोअरच्या पुढच्या बाजूला आधार देतं. उलटी घातली तर मॅगझिन बंद होतं, चालतंही, पण काडतुसाचं तोंड खाली झुकतं. हा दोष नंतर शोधायला फार त्रासदायक, कारण सफाई तर आत्ताच झालेली असते.

पत्र्याची नळी आणि स्प्रिंग मिनरल टर्पेंटाइननं धुवा, टूथब्रशनं घासा, सुती फडक्याची पट्टी नळीतून आरपार ओढा, पट्टी पांढरी बाहेर येईपर्यंत. प्लॅस्टिकचा फॉलोअर थिनर किंवा ॲसिटोनमध्ये बुडवू नका, काही प्लॅस्टिकं मऊ पडतात. साबणाचं कोमट पाणी पुरतं, पण मग पूर्ण वाळवा. आमच्याकडे जुलैत नुसतं ठेवून काही वाळत नाही. मी टेबललॅम्पच्या पिवळ्या बल्बखाली तासभर ठेवतो.

तेलाचं म्हणाल तर: फडक्यावर दोन थेंब, त्या फडक्यानं स्प्रिंग आणि नळीची बाहेरची बाजू पुसायची, आणि मग कोरड्या फडक्यानं ते तेल पुन्हा पुसून काढायचं. हाताला ओलसर लागता कामा नये. एवढा थर गंजाला पुरतो. नळीच्या आत, फॉलोअरवर, ओठांवर काही नाही.

जोडल्यावर रिकाम्या मॅगझिनचं बटण खाली ओढून सोडा. फॉलोअर टक्कन वर आला पाहिजे. मॅगझिन आडवं धरून, उलटं धरूनही करून बघा. कुठेही रेंगाळला तर परत उघडा.

३ नंबर: ओठ

याचा पावसाशी संबंध नव्हता. हे कधीतरी सिमेंटच्या जमिनीवर डोक्यावर पडलेलं होतं. पडलं कधी ते कुणालाच आठवेना, पण डाव्या ओठाच्या मागच्या टोकाला भिंगाखाली बारीक चपटेपणा दिसला. व्हर्नियरनं तिन्ही मॅगझिनांच्या ओठांमधलं अंतर पुढे आणि मागे मोजलं. १ आणि २ एकमेकांना जुळत होती, ३ मागच्या बाजूला उघडलेलं. कागदावरचं कुठलं तरी माप शोधत बसू नका. त्याच पिस्तुलाचं चांगलं चालणारं मॅगझिन हेच तुमचं माप.

माझ्या टूलरूममध्ये तो ओठ पाच मिनिटांत वळवता आला असता. साधनं आहेत, हात आहे. तरी मी ते केलं नाही, आणि तुम्हीही करू नका. ओठाचा पत्रा उष्णतेनं कडक केलेला असतो, एकदा वाकलेला परत वाकवला की तिथे तडा धरतो आणि मग तो कधी तुटेल सांगता येत नाही. शिवाय १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे शस्त्रदुरुस्तीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. पुसणं, धुणं, मोजणं ही देखभाल. धातूला आकार देणं ही दुरुस्ती, ती परवानाधारकाचं काम. आम्ही ३ नंबर बाजूला काढलं, त्यावर लाल पट्टी लावली, आणि त्याच्या जागी नवं मागवलं.

मॅगझिन जमिनीवर पडलं की आता वहीत नोंद होते, बिघाड असो वा नसो. फायरिंग पॉइंटच्या पायाशी रबरी मॅटचा तुकडा टाकलाय.

स्प्रिंगबद्दल एक गैरसमज

"भरून ठेवल्यानं स्प्रिंग मरते" असं सगळीकडे ऐकू येतं. चांगल्या पोलादाची स्प्रिंग तिच्या मर्यादेत दाबून ठेवली तर त्यानं फारशी झिजत नाही. झिजते ती पुन्हापुन्हा दाबून सोडल्यानं, मर्यादेपलीकडे दाबल्यानं आणि गंजानं. मॅगझिन रिकामंच ठेवायचं, पण ते सुरक्षिततेसाठी. स्प्रिंगचा संशय असेल तर काढून नव्या स्प्रिंगशेजारी टेबलावर उभी करा. उंचीत डोळ्याला दिसण्याइतका फरक असेल तर बदला. ओढून लांब करू नका, दोन दिवसांत पुन्हा बसते.

पावसाळ्यात ठेवायचं कसं

तेल नको म्हटल्यावर गंजाचं काय, हा पहिला प्रश्न पालकांनी विचारला, आणि तो रास्त आहे. उत्तर हवेचं आहे. ओली हवा मॅगझिनपर्यंत पोचूच द्यायची नाही. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलची पिशवी. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलं पिऊन भरले, मंद आचेवर गरम करून पुन्हा निळे करायचे. मी ही पिशवी जुलै-ऑगस्टमध्ये दर आठवड्याला बघतो. पिस्तुलासोबत येणारी फोमची पेटी प्रवासापुरती. फोम स्पंजसारखा ओल धरून ठेवतो आणि जिथे धातू टेकतो तिथेच गंज चढतो. चामड्याच्या पाऊचचं त्याहून वाईट, कमावलेल्या चामड्यातले क्षार पत्रा खातात. सत्तरी तालुक्यातल्या, शेतीरक्षणाच्या बंदुका बाळगणाऱ्या शेतकऱ्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. चामड्याच्या म्यानात पावसाळाभर बंदूक ठेवलेली मी तिकडे कधी पाहिली नाही.

रेंजवरून घरी आल्यावर लगेच डबा बंद करू नका. एसी गाडीतून उतरलेल्या थंड धातूवर बाहेरच्या दमट हवेचं दव धरतं, तेच आत कोंडलं जातं. अर्धा तास पंख्याखाली, मग कोरड्या फडक्यानं पुसून डब्यात. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करावं लागलं तर जमा करण्याआधी मॅगझिन उघडून धुऊन कोरडं करा आणि परत मिळाल्यावर पहिली गोळी भरण्याआधी पुन्हा उघडा. महिनाभर पडून राहिलेला लेप दगडासारखा होतो.

गोळ्यांची पेटी गाडीच्या डिकीत एप्रिल-मे काढत असेल तर तीही बघा. उन्हात मेण पातळ होऊन ओघळतं आणि तेच मॅगझिनमध्ये उतरतं. हिरवट डाग पडलेलं पितळ वापरू नका.

यंदाचा पावसाळा आम्ही वहीसह काढला. जुलै आणि ऑगस्ट मिळून २ नंबरच्या रकान्यात एकच नोंद आहे, तीही घाईत भरलेल्या मॅगझिनची, असं त्या मुलीनं स्वतःच बाजूला लिहिलंय. १ नंबरचा रकाना कोरा आहे. नव्या मॅगझिनला ४ नंबर दिलाय आणि त्याच्या ओठांचं माप पहिल्याच दिवशी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय. तेलाच्या फवाऱ्याचा डबा कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलाय, मुलांचा हात पोचणार नाही तिथे. आजोबा अजून येतात. परवा नातीनं भरलेलं मॅगझिन मागून घेतलं, फटीतून पाहिलं आणि काही न बोलता तिला परत दिलं.